पाटीवर काय लिहायचं?

वकिलांनी जाहिरात करावी की नाही, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उकळतो आणि काहीच न शिजता निवतो. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन याद्यांच्या संकेतस्थळांवर वकिलांची सेवा मांडून ठेवण्याच्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले आणि वकिलांचे नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाला कारवाई करायला सांगितलं. मार्च २०२५ मध्ये कौन्सिलने पत्रक काढून अभिनेते आणि इन्फ्लुएन्सर यांना हाताशी धरून चाललेल्या प्रचाराला फटकारलं. दोन्ही वेळा तीच दोन पथकं मैदानात उतरली. एक म्हणतं, वकिली हा उदात्त पेशा आहे, तिथे दुकानदारी नको. दुसरं म्हणतं, जग कुठे चाललंय आणि आपण अजून काळ्या कोटाची इस्त्री सांभाळतोय. दोघांचं भांडण ऐकताना मला एकच प्रश्न पडतो. ज्याच्या हातात खरेदीखताचा मसुदा आहे आणि ज्याला त्यातलं तिसरं पान कळत नाही, तो माणूस या वादात कुठे आहे? एकाला वकिलाच्या प्रतिष्ठेची काळजी, दुसऱ्याला वकिलाच्या धंद्याची. अशिलाची काळजी करायला कोणी आलेलंच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वकिलाने गिऱ्हाईक गाठणं ही एक गोष्ट आणि वकिलाने स्वतःविषयी खरी माहिती देणं ही दुसरी. पहिलीवर आज आहे त्याहून कडक बंदी हवी. दुसरीला नुसती मुभा देऊन भागणार नाही, तिची सक्ती हवी, आणि त्या माहितीत फीसुद्धा हवी. बार कौन्सिलच्या जाहिरातबंदीच्या नियमाने या दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात कोंबल्या आहेत आणि त्याचा सगळ्यात जास्त जाच होतो तो मुंबईत ज्याला आपण सॉलिसिटर म्हणतो त्याच्या छोट्या कचेरीला, आणि त्याच्याकडे जाऊ शकणाऱ्या पण कधीच न पोचणाऱ्या अशिलाला.

सॉलिसिटर या शब्दाची एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या कामासाठी कोर्टात खेटे घालणारा, त्याचं प्रकरण पुढे रेटणारा, तो सॉलिसिटर. 'सॉलिसिट', म्हणजे मागणी करणं, या ज्या क्रियापदावरून हे नाव पडलं, तेच क्रियापद आज नियमात गुन्ह्यासारखं लिहिलेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे दावे थेट दाखल होतात तिथे, एकेकाळी पक्षकार थेट काउन्सेलकडे जात नसे. सॉलिसिटर कागद तयार करणार, ब्रीफ पाठवणार आणि काउन्सेल कोर्टात उभा राहणार, अशी दुहेरी पद्धत होती. १९७६च्या दुरुस्ती कायद्याने ती संपली. १८९४ साली स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते, ती पास होणं आजही मानाचं समजलं जातं, पण कायद्याच्या नजरेत हा माणूस फक्त अधिवक्ता आहे. त्यामुळे बार कौन्सिलचा नियम ३६ त्यालाही तितकाच लागू. फरक इतकाच, की कोर्टात उभा राहणारा वकील निदान चार लोकांना दिसतो. टायटल, म्हणजे मिळकतीची मालकी, तपासणारा, करार लिहिणारा, मृत्युपत्र करून देणारा सॉलिसिटर तुम्हाला दिसणार कुठे? त्याचं काम चांगलं झालं तर भांडण होत नाही, आणि न झालेल्या भांडणाची बातमी होत नाही.

नियम ३६ मुळातून वाचण्यासारखा आहे. परिपत्रकं, जाहिराती, दलाल, वैयक्तिक संपर्क, ओळख नसताना घेतलेल्या भेटी, वर्तमानपत्रात आपल्या खटल्याविषयी मजकूर किंवा फोटो छापून आणणं, असलं काही करून प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष काम मिळवायचं नाही. इथपर्यंत समजू शकतं. पुढे तो पाटीकडे वळतो. पाटी बेताच्या आकाराची असावी. तिच्यावर आपण बार कौन्सिलचे सदस्य आहोत किंवा होतो असं लिहू नये, पूर्वी न्यायाधीश होतो असं लिहू नये, आणि अमुक प्रकारच्या कामात आपलं विशेष प्रावीण्य आहे असंही लिहू नये. मग मार्च २००८ मध्ये दुरुस्ती झाली आणि कौन्सिलने ठरवून दिलेल्या नमुन्यात संकेतस्थळावर माहिती द्यायला मुभा मिळाली. त्या नमुन्यात नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रं एवढं येतं. म्हणजे इंटरनेटवर तुम्ही 'मालमत्ता हस्तांतरण' लिहू शकता, पण जिन्याखालच्या पाटीवर लिहिलंत की गैरवर्तन. फीचा उल्लेख कुठेच नाही. हाडांच्या डॉक्टरच्या पाटीवर 'अस्थिरोगतज्ज्ञ' लिहिलेलं असतं म्हणून आपण पोट दुखल्यावर त्याच्याकडे जात नाही. वकिलाच्या बाबतीत मात्र पोट कोणाला दाखवायचं आणि हाड कोणाला, हे अशिलाने स्वप्नात पाहून ठरवायचं आहे.

आता समोरच्या बाजूचं. ही बंदी निव्वळ साहेबी नखऱ्यातून आली असं म्हणणं सोपं आहे, पण अर्धवट आहे. तिच्यामागे आपल्याच शहरातला एक लाजिरवाणा प्रसंग आहे. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध दाभोळकर हे प्रकरण सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेलं. आरोप असा, की मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांच्या दारात काही वकील टपून बसत, आरोपी किंवा त्याचे नातेवाईक येताना दिसले की धावत जात, त्यांच्या हातातले कागद हिसकावत आणि एकाच गिऱ्हाइकावरून आपसात हाणामारीपर्यंत जात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी वकिली हा व्यापार नाही, असं या प्रकरणात ठणकावून सांगितलं. ते वाचून कोणाही सरळ माणसाची मान खाली जाईल. घरातला माणूस आत टाकला आहे, बायको रडत उभी आहे आणि दोन काळे कोट तिच्या हातातल्या कागदासाठी ओढाताण करताहेत. हे थांबवायलाच हवं होतं.

पण नीट पाहा, त्या दारात नेमकं वाईट काय होतं? त्या बाईला विचार करायला सवड नव्हती. तुलना करायला दुसरं कोणी समोर नव्हतं. जो पहिला पोचला, जो जास्त जोरात ओरडला, तो तिचा वकील झाला. म्हणजे दोष होता माणसाला असहाय क्षणी गाठण्याचा. त्याच बाईला आदल्या दिवशी घरी बसून चार वकिलांची नावं, त्यांचा अनुभव आणि जामिनाच्या अर्जाची त्यांची फी वाचायला मिळाली असती, तर त्या दाराशी टपणाऱ्यांचं काय चाललं असतं? आपण रोगाचं निदान बरोबर केलं आणि औषध म्हणून रोग्याचं जेवण बंद केलं.

हा भेद मी मनाने काढलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो लागोपाठच्या दोन वर्षांत, दोन निकालांनी आखून ठेवला आहे. फीनिक्स शहरातल्या दोन तरुण वकिलांनी १९७६ मध्ये वर्तमानपत्रात साधी जाहिरात दिली. रोजची साधी कायदेशीर कामं, प्रत्येकापुढे फी. बिनविरोध घटस्फोट १७५ डॉलर, वर कोर्टाचा खर्च. तिथल्या वकील संघटनेने कारवाई केली. १९७७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की सत्य माहिती देणाऱ्या अशा जाहिरातीवर सरसकट बंदी घालता येणार नाही. पुढच्याच वर्षी ओहायोतलं प्रकरण आलं. अपघातात जखमी झालेली अठरा वर्षांची मुलगी इस्पितळात पाय टांगून पडलेली, आणि एक वकील तिच्या खाटेपाशी जाऊन काम मागतोय, वर तिच्या आईवडिलांच्या घरी जाताना रेनकोटखाली टेप लपवलेला. त्याला दिलेली शिक्षा त्याच न्यायालयाने कायम ठेवली. वर्तमानपत्रातला मजकूर तुम्ही घडी घालून ठेवू शकता. खाटेशेजारी बसलेल्या माणसाची घडी घालता येत नाही.

आता जरा आपल्या जिन्यात येऊ. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला तेव्हा मी कमिटीत होतो. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या सरकारी निर्देशांप्रमाणे सभा, निविदा, सगळं रीतसर चालू होतं. सोसायटीच्या वतीने विकसन करारनामा तपासायला सॉलिसिटर हवा होता. कोण? सव्वीस सभासदांपैकी एकालाही एकाही सॉलिसिटरचं नाव सांगता येईना. एकाचे मेहुणे वकील निघाले, पण ते फौजदारीत. एकाने टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या काउन्सेलचं नाव घेतलं आणि सगळे हसले. शेवटी ज्या बिल्डरशी करार करायचा, त्याच्याच माणसाने एक नाव सुचवलं. "तुमच्यातर्फेच बघतील, फी आम्ही भरतो, तुम्हाला त्रास नको." आणि कमिटीने चक्क सुटकेचा नि:श्वास सोडला. ते गृहस्थ लबाड होते असं मी म्हणत नाही. पण ट्रान्झिट भाडं, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत बिल्डरने द्यायचं घरभाडं, थकलं तर काय, बँक गॅरंटी कितीची, या दोन कलमांवर ते जितके मवाळ होते तितका मवाळपणा मला महागात पडणारा वाटला, आणि तेव्हा विचारायला दुसरं कोणी नव्हतं. ज्याच्याविरुद्ध सावध राहायचं त्यानेच आपला रखवालदार निवडून द्यावा, ही व्यवस्था पेशाच्या प्रतिष्ठेला चालते. त्या सॉलिसिटरने दारावर 'गृहनिर्माण संस्थांची कामं' अशी पाटी लावलेली मात्र चालत नाही.

जाहिरातबंदीने जाहिरात थांबली आहे, हाच मुळात मोठा गैरसमज आहे. ती फक्त ज्यांना परवडते त्यांच्यासाठी चालू आहे. मोठ्या फर्मना आंतरराष्ट्रीय क्रमवाऱ्यांत जागा मिळते आणि ती अभिमानाने मिरवता येते. त्या परिषदा भरवतात, भागीदार अर्थविषयक दैनिकांत लेख लिहितात, कोणत्या विलीनीकरणात कोणी सल्ला दिला याच्या बातम्या नावानिशी येतात. याला कोणी काम मागणं म्हणत नाही, ज्ञानप्रसार म्हणतात. इकडे निवडणुकीच्या फ्लेक्सवर 'ॲड.' लावून हात जोडलेले भावी नगरसेवक चौकाचौकांत उभे असतात, तीही जाहिरात नव्हे, लोकसेवा. शिवाय दररोजच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटिसा असतातच. 'माझे अशील खालील मिळकत विकत घेऊ इच्छितात, कोणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावे', आणि खाली ठळक अक्षरात वकिलाचं नाव, पत्ता, मोबाइल. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ सॉलिसिटर शोधायचा असेल तर याच नोटिसा चाळतात. ज्याच्या नोटिसा जास्त, त्याचं काम चांगलं चालत असणार, असा त्यांचा हिशेब. बंदी असलेल्या देशातला हा आमचा जुगाड.

त्यात आता परदेशी फर्मचा मुद्दा मिसळला आहे. बार कौन्सिलने मार्च २०२३ मध्ये नियम अधिसूचित करून आणि मे २०२५ मध्ये त्यांत दुरुस्ती करून परदेशी वकिलांना आणि फर्मना, परस्परतेच्या तत्त्वावर, न्यायालयाबाहेरच्या कामात परदेशी कायद्याविषयी सल्ला द्यायला वाट मोकळी केली. ते यावेत की न यावेत हा वेगळा लेख होईल. पण लंडनच्या फर्मच्या संकेतस्थळावर तिच्या प्रत्येक भागीदाराचा तपशील, त्याने केलेली कामं, अशिलांचे अभिप्राय झळकत असतात आणि ते पान नरिमन पॉइंटवरच्या कंपनीच्या माणसालाही तितकंच उघडतं. मग आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या कचेरीत बसलेल्या, आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे जुन्या सॉलिसिटरच्या हाताखालच्या उमेदवारीत, तीन वर्षं घासून परीक्षा पास झालेल्या सॉलिसिटरने स्पर्धा कशाने करायची? बेताच्या आकाराच्या पाटीने?

विरोधकांचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र इंग्लंडच आहे आणि तो मी टाळणार नाही. तिथे १९३६च्या नियमांनी सॉलिसिटरांच्या जाहिरातीवर बंदी होती, ती १९८४ मध्ये उठली. पुढच्या वीस वर्षांत काय झालं? अपघातग्रस्तांचे दावे गोळा करणाऱ्या कंपन्या उगवल्या. टीव्हीवर, बाजारात, रस्त्यावर माणसं पकडून 'तुम्हाला गेल्या तीन वर्षांत इजा झाली का' असं विचारायचं आणि मिळालेलं नाव सॉलिसिटरला पैशाने विकायचं. क्लेम्स डायरेक्ट २००२ मध्ये बुडाली, ॲक्सिडेंट ग्रुप २००३ मध्ये. दुसरीने आपल्या कर्मचाऱ्यांना ती बातमी मोबाइलवर मेसेज पाठवून दिली. नुकसानभरपाईतला मोठा वाटा मधल्यामध्ये जिरला आणि जखमी माणसाच्या हाती थोडं आलं. बंदी उठली की हे येतं, असं कोणी म्हणालं तर त्याला खोटं कसं म्हणायचं?

फक्त पुढचा अध्याय वाचायचा सोडू नये. इंग्लंडने यावर उपाय म्हणून जाहिरातबंदी परत आणली नाही. दलालीवर हात घातला. २०१२च्या कायद्याने, १ एप्रिल २०१३ पासून, इजेच्या दाव्यांत प्रकरण पाठवण्याबद्दल पैसे देणं-घेणं बंद झालं. सॉलिसिटरच्या आचारसंहितेत जाहिरातीला मुभा आहे, पण न बोलावता लोकांच्या दारात किंवा फोनवर जाऊन काम मागायला मनाई आहे. आणि डिसेंबर २०१८ पासून त्याहून पुढचं पाऊल पडलं. घराचं हस्तांतरण, बिनवादाचा प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर), नोकरीविषयक दावे, इमिग्रेशन अशा ठरावीक कामांची फी सॉलिसिटर फर्मने आपल्या संकेतस्थळावर लावलीच पाहिजे. किती, कशाची, त्यात काय धरलंय, काम करणाऱ्याचा अनुभव काय. म्हणजे जिथून आपण ही सोवळ्याची कल्पना उचलली, तिथे फी न सांगणं हा आता नियमभंग आहे. आपण मात्र १९७५च्या नियमांत त्यांची जुनी शाल पांघरून बसलो आहोत, आणि मूळ मालकाने ती कधीच भंगारात दिली.

दुसरा आक्षेप मला खरोखर विचार करायला लावतो. साबण वाईट निघाला तर कळतं, वकील वाईट निघाला तर कळतच नाही. टायटलमधली खोट पंधरा वर्षांनी उपटते. मग जाहिरात वाचून अशील निवडणार काय? ज्याचा व्हिडिओ चकचकीत तो जिंकणार. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच मी चकचकीत व्हिडिओची बाजू घेत नाही. 'शंभर टक्के केस जिंकून देऊ', 'मुंबईतले क्रमांक एकचे सॉलिसिटर', खूश झालेल्या अशिलांचे अश्रू, अभिनेत्याचा भारदस्त आवाज, यांतलं काहीही तपासून पाहता येत नाही. ते बंदच असावं, आणि त्यापुरतं कौन्सिलचं पत्रक योग्य होतं. पण ज्याला गुणवत्ता पारखता येत नाही त्याच्यापासून तपासता येणारी माहितीही दडवून ठेवायची, हे कुठलं तर्कशास्त्र? सनद कधीची, कामाची क्षेत्रं कोणती, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) किती वर्षांचा देणार आणि त्याचे किती घेणार, समोरच्या पक्षाशी काही संबंध आहे का. यातलं एक तरी सांगितल्याने पेशाचं तेज कमी होतं का?

यात एक अलीकडचा निकाल भर घालतो. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की वकिलाच्या सेवेतली त्रुटी ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणता येणार नाही, हा पेशा आपल्या जातीचा एकटाच आहे. त्यामागची कारणं मला बरीचशी पटतात; वकील कोर्टाचाही अधिकारी असतो, हरलेला प्रत्येक पक्षकार ग्राहक आयोगात गेला तर काम होणार नाही. पण मग हिशेब काय उरतो? निवडण्याआधी माहिती नाही, फसल्यावर ग्राहक म्हणून दाद नाही. मागे उरते दिवाणी दाव्याची लांबची वाट, नाहीतर बार कौन्सिलची शिस्तपालन समिती, जिच्यात वकीलच वकिलाचा न्याय करतात. मागचं दार बंद करायचं असेल तर पुढचं उघडं ठेवायला नको?

जाहिरातीने खटले वाढतील, आधीच पाच कोटींच्या वर तुंबले आहेत, हा मुद्दा मी दोन वाक्यांत सोडून देतो. सॉलिसिटरचं बरंचसं काम खटला होऊ नये म्हणून असतं. वेळेवर केलेलं मृत्युपत्र आणि नीट तपासलेलं टायटल यांनी न्यायालयात गर्दी झाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

राहिले दलाल. खरा सूर इथे लागायला हवा होता. १८७९च्या कायद्यातली दलालांविषयीची तरतूद २०२३च्या दुरुस्तीने अधिवक्ता कायद्यात ४५अ म्हणून आली आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. न्यायालयांनी दलालांच्या याद्या करून लावायच्या, यादीतल्या माणसाने दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपये! रजिस्ट्रार कचेरीच्या फाटकाशी उभा असलेला माणूस एवढे तर सकाळच्या पहिल्या तासात कमावत असेल. संकेतस्थळावर दोन ओळी जास्त लिहिल्या म्हणून वकिलाची सनद धोक्यात, आणि रोज माणसं गाठून नेणाऱ्याला एवढासा दंड. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण याहून चपखल कुठे बसेल? आणि त्या फाटकावरच्या माणसाची भाकरी कोण भाजतं? लोकांना नाव माहीत नसतं म्हणून तर तो उभा आहे.

आमच्या सोसायटीची नवी इमारत आता अकराव्या मजल्यापर्यंत आली आहे. शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास यंदा निघाला. मागच्या रविवारी त्यांचे सेक्रेटरी घरी आले, निविदांची फाइल उघडून बसले, चहा झाला. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "काका, एक विचारायचं राहिलं. तुमच्या ओळखीचा कोणी सॉलिसिटर आहे का? नाहीतर बिल्डर म्हणतोय, तो बघतो."